धानाच्या गाठी

लेकराला वजनकाट्याच्या झोळीत ठेवायच्या आधी सुकवारोबाई जंगलाकडे तोंड करून ओरडायच्या, "धान तोलून राहिलो जी, धान!" आवाज असा मोठा की पलीकडच्या धानाच्या बांधीतली ढोरं मान वर करून पाहायची. मग झोळीत आधी धानाची गाठ जायची, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली, आणि तिच्यावर लेकरू. काटा हलायचा, थांबायचा. बाई आकडा वाचायच्या, त्यातून मूठभर धानाचं वजन वजा करायच्या आणि उरलेलं मोबाईलमध्ये भरायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. पण भोवती बसलेल्या बायांपैकी एकही हसत नव्हती, म्हणून मी ते गिळून टाकलं.

सुकवारोबाई उईके या जांभूळटोल्याच्या अंगणवाडी सेविका. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. जांभूळटोला सालेकसा तालुक्यात, डांबरी रस्ता संपल्यावर जंगलातून आणखी बरंच आत. मी गोंदियाची, राईस मिलच्या भोंग्यावर उठणारी आणि झोपणारी, निम्मं हिंदी बोलणारी. आमच्या कचेरीचं काम म्हणजे जिल्ह्यातली माणसं किती बरी जगतात ते मोजणं. माणूस किती जगतो, किती शिकतो, किती कमावतो, घरावर कौल की स्लॅब, चूल की गॅस. हे सगळं गावागावातून गोळा करायचं, त्याचा एक आकडा काढायचा आणि त्या आकड्याप्रमाणे गावांना रांगेत उभं करायचं. ज्यांनी आयुष्यात कधी रांग लावली नाही अशा गावांनाही आम्ही रांगेत उभं करत होतो.

त्या रांगेत एक गाव आपली जागा सोडून पुढे आलं होतं. जंगलपट्ट्यातलं, पावसाळ्यात नाल्यापलीकडे अडकणारं, आणि तरी लेकरांच्या वजनात सगळं हिरवं. आमच्या पडद्यावर हिरवं म्हणजे चांगलं, पिवळं म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे धावा. गोंदिया शहरातल्या वस्त्यांतही पिवळे ठिपके होते, लाल होते. जांभूळटोल्यात एकही नाही. साहेब म्हणाले, "ही आपली यशोगाथा. जाऊन बघा, लिहून आणा." अहवालात पानभर यशोगाथा लागतेच, फोटोसकट.

गेले, तर एक ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर गोंदण असलेली बाई दारातच आडवी उभी. "चपला बाहेर काढा मॅडम. इथं लेकरं जेवतात." मी चपला काढल्या. "मागं एक साहेब आले होते, बूट घालूनच सतरंजीवर बसले. मी त्याच सतरंजीवर त्यायले जेवण वाढलं. तवापासून आले नाई." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप म्हणून नव्हता. भिंतीवर त्यांच्या सत्काराचा फोटो होता, शाल-श्रीफळ घेताना. आदर्श अंगणवाडीचं प्रमाणपत्र त्यांनी दरवाजाच्या अगदी समोर लावलं होतं, येणाऱ्याला चुकवता येऊ नये म्हणून.

माझ्याबरोबर त्या घरोघर फिरल्या. गोंडी मला येत नाही, त्यामुळे प्रश्न माझे आणि तोंड त्यांचं. एका घरी मी गॅसचं विचारलं, सिलिंडर कोपऱ्यात होता, वर पिठाचा डबा ठेवलेला. मी पुढचा प्रश्न काढणार तेवढ्यात बाईंनी माझा हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "सिलिंडर आहे का इचारा, भरेल आहे का नोका इचारू. उगाच त्या बाईले लाज वाटते." आयुष्यात सुखी आहात का, असाही एक प्रश्न आमच्याकडे होता. तो मी त्यांनाच विचारला. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "जेवायच्या आधी इचारून राहिले का जेवल्यावर?" म्हणाल्या, आणि मग मला जेवायलाच बसवलं.

एक गोष्ट मात्र तेव्हाही मनात कुठेतरी टोचली होती. अंगणवाडीतली लेकरं रडत नव्हती. नवखी बाई आली, तिने कॅमेरा काढला, तरी कुणी आईच्या पदराआड पळालं नाही, कुणी भोकाड पसरलं नाही. भिंतीला टेकून बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "किती शहाणी आहेत हो." बाई अभिमानाने म्हणाल्या, "आमची लेकरं रडत नाई जी."

धानाच्या गाठीची गोष्ट त्यांनी मला त्याच दिवशी सांगितली, कोरा चहा पिताना. त्या नव्या होत्या तेव्हा वजनाच्या दिवशी गाव असं रिकामं व्हायचं की जणू सगळे कुठे लग्नाला गेलेत. लेकरं ढोरांच्या कोठ्यात, धानाच्या कोठीमागे, कुठे कुठे लपवलेली. कारण विचारलं तर कुणी सांगेना. शेवटी एका म्हातारीने सांगितलं. मोहा तोलला की व्यापारी नेतो. धान तोललं की मिलवाला नेतो. बोकड तोललं की खाटीक नेतो. जे घरातून जायचं तेच तोलतात, मग तू आमचं लेकरू कायले तोलतेस? बाईंनी तेव्हा ते हसण्यावारी नेलं, एका आईला दटावून तिच्या पोराचं वजन घेतलं. वजन लालमध्ये आलं. दवाखान्याची गाडी आली, पोराला घेऊन गेली. काही दिवसांनी बाप त्याला खांद्यावर टाकून परत आला, पोराच्या तोंडावर टॉवेल पांघरलेला.

"वर्सभर माह्याशी कोनी बोललं नाई मॅडम. विहिरीवर गेली का बाया बादल्या उचलून चालल्या जात." कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "गावाचं बी काय चुकलं? त्यायनं सांगतलं होतं, मीच आयकलं नाई." त्या स्वतः गोंडच, पण लग्न होऊन बालाघाटकडून आलेल्या. त्या एका वर्षात त्यांना गावाने पुन्हा परकं केलं होतं. मग त्यांनीच ही युक्ती काढली. झोळीत धान घालायचं, धान तोलतो म्हणून ओरडायचं. जो कुणी ऐकत असेल त्याने धान न्यावं, लेकरू नेऊ नये. बाया आधी दुरून पाहत राहिल्या, मग एक आली, मग दुसरी. गाव परत त्यांच्या अंगणात आलं. आणि गंमत म्हणजे त्यानंतर कधी लाल आलंच नाही. पिवळं होतं तेही हळूहळू हिरवं होत गेलं. बाईंचा त्या गाठीवर विश्वास बसला, आणि कुणाचाही बसला असता.

सुरुवातीला गाठ त्या स्वतः बांधायच्या, अंगणवाडीच्या डब्यातल्या धानाची, एक मूठ. पुढे बाया म्हणू लागल्या, आमच्या लेकराच्या जागी आमच्याच घरचं धान पाहिजे, दुसऱ्याचं कसं चालेल? म्हणून ज्याची त्याची गाठ घरून येऊ लागली. मग गाठीला दुसऱ्याने हात लावायचा नाही, असं ठरलं. मग लेकरूही आईनेच झोळीत ठेवायचं, गाठ त्याच्या बुडाखाली नीट सरकवून. कुणी नियम केला नव्हता, पण होत गेलं. मोह्याची फुलं गळायच्या दिवसांत मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा एक गाठ जमिनीवर होती, ती उचलून द्यायला मी वाकले. एका बाईने माझ्या हातातून ती हिसकावली. सुकवारोबाई म्हणाल्या, "हात नोका लावू मॅडम. मायचाच हात पायजे." तेव्हा मी ओशाळले होते.

तिसऱ्यांदा गेले ते धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत. अहवाल छापायला जाणार होता आणि यशोगाथेला एक चांगला फोटो हवा होता. नाल्याला पाणी होतं, गाडी अलीकडेच ठेवून मी चिखलातून चालत पोचले. आभाळ खाली आलेलं, दुपारीच अंधारल्यासारखं. बाया बांधीतून थेट येत होत्या, गुडघ्यापर्यंत चिखल, हातही कोपरापर्यंत. त्यांना परत रोवण्यावर जायची घाई होती. बाईंनी छपराच्या लाकडी फाट्याला काटा टांगला होता.

झामीन आली. वयाने पोरगीच, नवरा हैदराबादकडे बांधकामावर, धाकटा सासूजवळ ठेवलेला. कडेवर थोरली रोशनी, दीड-दोन वर्षांची. रोशनीचे केस मक्याच्या शेंड्यासारखे पिंगट झाले होते आणि ती कुठेच पाहत नव्हती. झामीनने गाठ झोळीत ठेवली. मग तिने आपले हात पाहिले, चिखलाने भरलेले, झोळी खराब होईल म्हणून रोशनीला बाईंकडे केलं. "तूच ठेव वं बाई."

सुकवारोबाईंनी रोशनीला हातात घेतलं आणि त्या थांबल्या. मी कॅमेरा लावून उभी होते, म्हणून मला त्यांचा चेहरा जवळून दिसला. किती तरी वर्षांनी त्यांनी वजनाच्या वेळी एखादं लेकरू स्वतःच्या हातात घेतलं होतं. त्यांनी तिला किंचित वर-खाली केलं, रिकामं सूप हातात घेऊन पाहावं तसं. मग झोळीत ठेवलं. ओरडल्या, पण आवाज नेहमीसारखा निघाला नाही. काटा हलला आणि थांबला. आकडा हिरव्यातला.

बाई काट्याकडे पाहत राहिल्या. मग रोशनीकडे. पुन्हा काट्याकडे. मागच्या बाया म्हणाल्या, "बाई, आटप न." त्यांनी रोशनीला झोळीतून काढलं, परत हातात तोललं, आणि डाव्या कडेवर घेऊन उजवा हात झोळीत घातला. गाठ बाहेर काढली. ती मूठभराची नव्हती, चांगली नारळाएवढी होती.

"बाई, नोको," झामीन म्हणाली.

"का भरलं वं हिच्यात?"

"धान. धानच आहे. मायेकडून आणलेला चिन्नोर आहे." झामीन रडवेली झाली. "पोट्टी दिवसेंदिवस हलकी होऊन राहिली बाई. मंग धान जास्त नोको द्यायले? जेवढी पोट्टी कमजोर तेवढं धान जास्त. तवाच तं थो आयकनारा धान नेईन अन् हिले सोडन."

मला ते समजायला वेळ लागला. ती फसवत नव्हती. कुणीच फसवत नव्हतं. लेकरू जितकं वाळत जाई तितकी आई घाबरे, आणि जितकी घाबरे तितकी गाठ मोठी बांधे. घरात सणालाही न शिजवलेला सुवासिक तांदूळ ती त्या गाठीत घालत होती. लेकरातून जेवढं कमी होत होतं तेवढं ती माय मुकाट्याने झोळीत भरत होती, आणि काटा दर महिन्याला तिथल्या तिथे उभा. सुकवारोबाई मात्र प्रत्येक वेळी मूठभरच वजा करत आल्या होत्या.

बाईंनी गाठ जमिनीवर ठेवली. रोशनीला एकटीला झोळीत ठेवलं. आता त्या ओरडल्या नाहीत. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लेकरू आहे. लेकरूच तोलून राहिलो." आकडा लालमध्ये निघाला, लालमध्येही अगदी आत.  मग एकेक बाई उठली, आपापलं लेकरू आणि आपापली गाठ पदराखाली घेऊन पावसात निघून गेली. अंगण बघता बघता रिकामं झालं. मला त्या रिकाम्या अंगणाची जितकी भीती वाटली तितकी त्या लाल आकड्याचीही वाटली नव्हती.

गाडीसाठी फोन बाईंनीच केला. झामीन दाराला टेकून बसली होती. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. नाल्यापलीकडे गाडी आल्याचा निरोप आला तेव्हा म्हणाली, "तू बी चाल. तुनं तोंडानं सांगतलं, धान नाई लेकरू आहे म्हनून. पोट्टी परत नाई आली तं तू बी या गावात येजो नोको." सुकवारोबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. घरी जाऊन एक लुगडं, एक ताटली आणि चादर बांधून आल्या. मुलं नव्हती, नवरा केव्हाच गेलेला. दाराला कडी लावताना त्यांनी छपराकडे एकदा पाहिलं, परक्याच्या घराकडे पाहावं तसं. रोशनीला छातीशी धरून नाला त्यांनीच ओलांडला, पाणी कमरेला लागत होतं, आणि झामीन त्यांच्या लुगड्याचा पदर धरून मागून.

गोंदियाच्या दवाखान्यात मी रोज संध्याकाळी कचेरी सुटल्यावर जायची. रोशनीला नळ्या लावल्या होत्या. दूध थोडं थोडं पाजत होते. डॉक्टर-नर्सांनी काही कमी केलं नाही. मध्ये एक दिवस तिने डोळे फिरवून आईकडे पाहिलं, तेव्हा झामीनपेक्षा बाईच जास्त रडल्या. "आता रडन पाहा मॅडम. लेकरू रडलं का समजायचं वाचलं." त्या कान लावून बसायच्या. रोशनी रडत नव्हती.

एकदा मला वऱ्हांड्यात ओढून नेऊन त्यांनी विचारलं, "तुमी फोटो काढले होते न आमच्या अंगणवाडीचे? मोह्याच्या टायमाले?" मी मोबाईल काढला. त्या एकेक फोटो मोठा करून पाहू लागल्या. लेकरांकडे नव्हत्या पाहत, झोळीच्या तळाकडे पाहत होत्या, कापड कुठे किती ताणलंय ते. बराच वेळ पाहिल्यावर मोबाईल माझ्या हातात परत ठेवला. "मॅडम," त्या म्हणाल्या, "सगळ्यायच्याच गाठी मोठ्या आहेत."

ते वाक्य ऐकलं मात्र, भिंतीला टेकून बसलेली, न रडणारी ती सगळी शहाणी लेकरं माझ्या डोळ्यांपुढे आली. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगून मी यशोगाथेचं पान काढायला लावलं आणि तपासणीसाठी पथक पाठवा म्हणून मागे लागले. पथक गेलं. जांभूळटोला सापडला, लेकरं सापडली नाहीत. ते म्हणाले, गाव लग्नाला गेल्यासारखं रिकामं होतं. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. "कोठीमागं पाहा म्हनाव," एवढंच म्हणाल्या, आणि मग स्वतःच, "नाई, त्यायले नाई सापडत. मलेच सापडतीन."

रोशनीच्या छातीत कफ झाला आणि एका सकाळी ती गेली. अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. मी पोचले तेव्हा घरी न्यायची गाडी फाटकाजवळ उभी होती. झामीन आत बसली होती, मांडीवर चादरीत गुंडाळलेली रोशनी. चादर सुकवारोबाईंची होती. बाई मात्र गाडीत नव्हत्या. फाटकाबाहेर पानठेल्याच्या बाजूला आपलं गाठोडं घेऊन उभ्या होत्या. मला पाहिल्यावर डोळे पुसून म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या गोंदियात बिडीचं काम भेटन का कुठी? मले वळता येते."  मी मान हलवली. झामीनला मान हलवून दिलेला शब्द त्या पाळायला निघाल्या होत्या आणि मला त्यांना अडवायचा काय अधिकार होता?

ड्रायव्हरने दार लावायला हात घातला. झामीनने आतून ते धरून ठेवलं. तिने बाईंना हाक मारली. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"ये न वं. बस."

"मी कशी येऊ?" सुकवारोबाई म्हणाल्या. "तुनंच तं सांगतलं."

"सांगतलं होतं." झामीन रोशनीला सांभाळत बाकावर सरकली. कोरड्या डोळ्यांनी तिने बाईंसाठी जागा केली. तिचा आवाज इतका सपाट होता की आजही तो मला ऐकू येतो.

"लहाना घरी आहे बाई. गेल्या महिन्यात त्याची गाठ मी हिच्या गाठीहून मोठी बांधली होती. बस लवकर. त्याले तोलाचं आहे."